रोज नव्याने होकार

लूसीच्या घरी रोज १३ ऑक्टोबरच उजाडतो. त्या दिवशी वडिलांचा वाढदिवस होता, त्याच दिवशी मोटारीला अपघात झाला आणि तेव्हापासून नवी आठवण तिच्याजवळ रात्रीपलीकडे टिकत नाही. मग वडील आणि भाऊ मिळून रोज तोच दिवस उभा करतात. वाढदिवसाचा केक कापायचा, ‘द सिक्स्थ सेन्स’ पहिल्यांदाच पाहतोय असं दाखवत पाहायचा आणि तिने गॅरेजच्या भिंतीवर रंगवलेलं चित्र रात्री पांढऱ्या रंगाखाली झाकायचं.

लूसीची ही गोष्ट सांगणारा २००४ सालचा ‘फिफ्टी फर्स्ट डेट्स’ हा चित्रपट हवाई बेटांवर घडतो. त्यातले काही विनोद आज बघवत नाहीत. तरी लोक तो पुन्हा पुन्हा पाहतात, २०१८ साली जपानने त्याची नवी आवृत्तीही काढली.

त्यामागचा प्रश्न जुना आहे: आठवण गेली तर माणूस तोच राहतो का? जॉन लॉकच्या मते जाणीव मागे जिथवर पोहोचते, तिथवरच ती व्यक्ती. हे मानलं तर आपल्या प्रियकरावर, हेन्रीवर, काल प्रेम करणारी लूसी आज उरलीच नाही. शंकराचार्यांनीही ब्रह्मसूत्रभाष्यात, सारं क्षणभरच टिकतं म्हणणारा क्षणिकवाद खोडताना स्मृतीचाच आधार घेतला: अनुभवणारा आणि आठवणारा एकच असल्याशिवाय आठवण संभवत नाही. पण तिथे स्मृती हा आत्म्याचा पुरावा आहे, आत्मा नव्हे. पुरावा हरवला म्हणून वस्तू नाहीशी होत नाही.

आठवण गेली तरी काही उरतं, याचं प्रत्यक्षातलं उदाहरणही आहे. १९५३ च्या मेंदूवरच्या शस्त्रक्रियेनंतर हेन्री मोलेसन या रुग्णाला नवं काही आठवेनासं झालं. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर यांनी त्याला आरशात पाहून चांदणी गिरवायला दिली. दर वेळी त्याला ते काम नवंच वाटे. हात मात्र दिवसागणिक सफाईदार होत गेला. ओळख नसताना लूसी तिच्या हेन्रीचा चेहरा रंगवते, ती मात्र सिनेमाची कल्पना. तिचा आजारही काल्पनिकच.

चित्रपटाचा खरा गाभा या हेन्रीने लूसीसाठी बनवलेल्या व्हिडिओ टेपमध्ये आहे. वडिलांनी प्रेमापोटी खोटं सांभाळलं; हेन्री त्या टेपमधून सकाळीच तिला सारं खरं सांगतो. ती रडते, चिडते, मग स्वतः ठरवते. पुढे एकदा ती नातं तोडायचंही ठरवते. आठवण नसली तरी निर्णयाचा हक्क तिचाच, हे सिनेमा मनापासून मानतो.

स्मृतिभ्रंश झालेल्या आईची शुश्रूषा करणाऱ्यांना हा न्याय सरळ लावता येत नाही. लूसीला सत्य पचवायला संध्याकाळपर्यंत तरी वेळ मिळतो. “हे अजून आले नाहीत?” असं दर पाच मिनिटांनी विचारणाऱ्या आईला वडील वारल्याचं प्रत्येक वेळी सांगायचं का?