बक्षिशी आणि पगार



गेल्या वर्षी माझ्या धाकट्या भावाला चार दिवस सुट्टी मिळाली, तेव्हा आम्ही घरची सारी माणसे तालुक्याच्या गावी एका हॉटेलात जेवायला गेलो. भाऊ स्वतः महामार्गावरच्या एका हॉटेलात वेटर आहे. जेवण झाले. बडीशेपेच्या बशीत बिल आले. मी बिलाचे पैसे ठेवले आणि वर वीस रुपयांची नोट ठेवली. खरे सांगतो, मनातून मला थोडा अभिमानच वाटला. माझे आजोबा हॉटेलच्या बाहेर उकिडवे बसून वेगळ्या कपात चहा पीत. सार्वजनिक उपाहारगृहात जाण्यास कोणालाही अडवता येणार नाही, हे राज्यघटनेच्या 15 व्या कलमात लिहिले गेले, म्हणून त्यांचा नातू आज आत बसून वर बक्षिशी ठेवत होता.

भावाने त्या नोटेकडे पाहिले आणि म्हणाला, "दादा, ठेव तू. नको म्हणत नाही. पण मला कामावर घेताना मालक काय म्हणाला ठाऊक आहे? पगार एवढाच, बाकी वर बक्षिशी मिळतेच. म्हणजे तुझ्यासारख्याची नोट माझ्या पगारातून आधीच कापलेली असते."

या वाक्याचा मी पुष्कळ दिवस विचार केला. तोच आज आपल्यापुढे मांडतो.

आपण कोठून आलो हे आधी आठवू या. माझी आजी सांगत असे की गावकीची कामे आपल्या माणसांनी करायची. सांगावा पोचवायचा, सरकारी अंमलदाराच्या घोड्यामागे धावायचे, लाकडे फोडायची, मेलेले ढोर ओढायचे. याचा मोबदला काय? तर सुगीला खळ्यावरचे बलुते आणि संध्याकाळी दारोदार उभे राहून मागितलेली भाकरी. बलुते किती घालायचे, हे देणाऱ्याच्या मनावर. भाकरी ताजी की शिळी, हे जोहार घालताना माणूस कमरेत किती वाकला यावर. काम चुकले तर शिक्षा ठरलेली होती. मोबदला मात्र ठरलेला नव्हता. काम सक्तीचे आणि मोबदला मर्जीचा, ही त्या व्यवस्थेची खरी मेख होती.

परमपूज्य बाबासाहेबांनी नेमकी ही मेख ओळखली. मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत त्यांनी आपल्या लोकांना उष्टे आणि मेलेल्या जनावराचे मांस सोडायला सांगितले. पुढच्याच वर्षी, 1928 मध्ये, त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात वतनाच्या कायद्यात बदल करणारे विधेयक आणले. पहिली गोष्ट मनाची होती, दुसरी हिशोबाची. दोन्ही एकदम केल्याशिवाय माणूस सुटत नाही, हे ते जाणून होते. कनिष्ठ गाववतने अखेर 1958 च्या कायद्याने संपली.

मग आजची बक्षिशी म्हणजे जुनी भाकरीच काय? आपल्यातले काही उत्साही तरुण तसे म्हणतात. आपल्या मुलांनी बक्षिशीला हात लावू नये, असा त्यांचा आग्रह असतो. मला हे पटत नाही. वेटरचे काम जन्माने गळ्यात पडलेले नाही. गिऱ्हाईकाने खुशीने दिलेले पैसे ताठ मानेने घेण्यात लाचारी नाही. ज्याच्या घरी आजारी आई आहे, त्याला वीस रुपये नाकारण्याचा उपदेश पोट भरलेल्याने करू नये.

दोष नोटेत नाही. "वर मिळतेच" या मालकाच्या दोन शब्दांत तो आहे. ते शब्द उच्चारले की बलुत्याचा हिशोब नवा सदरा घालून परत येतो. मग श्रावणात गिऱ्हाईक कमी झाले की वेटरच्या घरचा किराणा कमी होतो. कोणी उर्मट बोलले तरी हसावे लागते, कारण मुलाच्या वह्या त्या हसण्यावर अवलंबून असतात. बक्षिशी गल्ल्याजवळच्या डब्यात जमा होते आणि वाटणी मॅनेजर करतो. आता तर पुष्कळ लोक बिल मोबाईलवरून मालकाच्या खात्यात भरतात आणि बशीत बडीशेपच उरते. आणि मोरीवर भांडी घासणारा, संडास धुणारा, यांना तर गिऱ्हाईक पाहतच नाही. त्यांच्यासाठी बशी नसतेच. ते बहुधा कोणत्या वस्तीतून येतात, हे मी आपल्याला सांगायला नको.

ही गोष्ट आपल्याच देशातली आहे असे समजू नका. बाबासाहेब 1913 ते 1916 या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, त्या वेळी अमेरिकेच्या रेल्वेत पुलमन कंपनीचे झोपण्याचे डबे धावत. त्यांतील हमालीची व सेवेची कामे काळे लोक करीत. गुलामगिरी 1865 साली कायद्याने संपली होती. कंपनीने त्या मुक्त झालेल्या माणसांना कमी पगारावर घेतले आणि उरलेले प्रवाशांच्या टिपेवर सोपवले. त्यांची नावेसुद्धा कोणी विचारत नसे, सर्वांना 'जॉर्ज' म्हणत, कारण मालकाचे नाव जॉर्ज पुलमन होते! या कामगारांनी 1925 साली ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली संघटना बांधली आणि बारा वर्षे झगडून 1937 साली कंपनीला करार करायला लावला. पगार वाढला, कामाचे तास घटले. तरीही जुनी खोड देशातून गेली नाही. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात टीप मिळवणाऱ्या कामगाराचे रोख वेतन तासाला 2.13 डॉलर आहे आणि हा आकडा 1991 पासून हललेला नाही. इतरांसाठी किमान दर 7.25 डॉलर आहे. मधली भर गिऱ्हाईकाच्या टिपेने पडते, असे धरतात. ती न पडली तर मालकाने भरून द्यावी, असे कायदा म्हणतो. पण ते मागायला मालकासमोर उभे कोण राहणार?

आता धम्म काय सांगतो ते पाहू. दीघनिकायात सिगालोवाद सुत्त आहे. त्याला गृहस्थांचा विनय म्हणतात, म्हणून संसारी उपासकाने ते जरूर समजून घ्यावे. सिगाल नावाचा तरुण रोज सकाळी सहा दिशांना नमस्कार करीत असे. भगवंतांनी त्याला सांगितले की खऱ्या दिशा म्हणजे आपल्या सभोवतालची माणसे होत. त्यांत सेवक आणि कामगार ही खालची दिशा. तिच्याबाबत गृहस्थाची पाच कर्तव्ये आहेत. त्यांच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे. अन्न आणि वेतन द्यावे. आजारपणात सेवा-शुश्रूषा करावी. घरात काही विशेष गोडधोड झाले तर त्यात वाटा द्यावा. वेळोवेळी सुट्टी द्यावी.

येथे एक गोष्ट बारकाईने पाहा. वेतन हे एक कर्तव्य आहे आणि गोडधोडाचा वाटा हे निराळे कर्तव्य आहे. दोहोंना एकाच ओळीत कोंबलेले नाही. वेतन दिल्यावर आनंदाने दिलेला वाटा हा स्नेह आहे. वेतन कापून दिलेला वाटा ही फसवणूक आहे. जे आधीच दुसऱ्याचे आहे, त्याचे दान करता येत नाही. आपण रोज पंचशील ग्रहण करताना न दिलेले न घेण्याची प्रतिज्ञा करतो. कामगाराचे न दिलेले वेतन स्वतःजवळ ठेवणे या शीलात बसते काय, हे ज्याने त्याने मनाला विचारावे.

कायदाही हेच सांगतो. मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी 1946 साली किमान वेतनाचे विधेयक केंद्रीय विधिमंडळात मांडले. त्याचा कायदा 1948 साली झाला. किमान वेतनाहून कमी पैशांत काम करून घेणे ही राज्यघटनेच्या 23 व्या कलमाने बंदी घातलेली वेठच आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1982 साली दिला. प्राप्तिकराच्या एका खटल्यात त्याच न्यायालयाने 2016 साली म्हटले की गिऱ्हाईकाने दिलेली टीप हा मालकाने दिलेला पगार नव्हे. नोव्हेंबर 2025 पासून 1948 च्या कायद्याची जागा वेतन संहितेने घेतली आहे. कायदा बदलला तरी किमान वेतन देण्याची मालकाची जबाबदारी कायम आहे.

मालकांविषयी एवढे लिहिल्यावर स्वतःविषयी न लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. माझ्या घरी धुणीभांडी करायला एक मावशी येतात. धम्मचक्र प्रवर्तन दिनी मी त्यांना साडी दिली आणि चार लोकांना तसे सांगितलेही. त्याच महिन्यात त्या तापाने चार दिवस आल्या नाहीत. मी चार खाडे धरले आणि पैसे कापले. साडी माझ्या मर्जीची होती, कापलेले पैसे त्यांच्या हक्काचे होते. गावच्या पाटलाने माझ्या आजीशी याहून वेगळे काय केले होते? भावाचे बोलणे ऐकल्यानंतर मी ते पैसे मावशींना परत दिले. त्यांनी ते मोजून घेतले, कनवटीला लावले आणि कामाला लागल्या. आभार मानले नाहीत. बरोबरच केले. स्वतःच्या पैशांबद्दल आभार कोण मानतो?

बंधू-भगिनींनो, आपल्यापैकी अनेक घरांत आता पहिल्यांदाच महिन्याचा पगार येऊ लागला आहे. पहिल्यांदाच आपण कोणाला तरी कामावर ठेवतो, हॉटेलात बसतो, दिवाळीची पोस्त मागायला येणाऱ्याला पैसे देतो. म्हणून सांगतो. बक्षिशी द्यावी, पण माणसाच्या हातात द्यावी, आणि त्याचे नाव विचारावे. मुलांसमोर ती फेकू नये. बशीत नोट ठेवली म्हणजे आपले कर्तव्य संपले, असे मानू नये. आपल्या घरी काम करणाऱ्याचा पगार आधी ठरवावा, वेळेवर द्यावा, आजारात कापू नये. साडी आणि मिठाई त्यानंतर. आणि आपल्या घरातला मुलगा किंवा मुलगी हॉटेलात कामाला लागत असेल, तर "वर किती मिळते?" हा प्रश्न शेवटी विचारावा. आधी विचारावे, "पगार किती, आणि तो कागदावर आहे काय?"

माझ्या भावाने आणि त्याच्या सहा सोबत्यांनी मालकाकडे पगाराची पावती मागितली आहे. अजून ती मिळालेली नाही. पण त्यांनी ती मागताना कोणी कमरेत वाकले नाही, एवढे मी आपल्याला निश्चित सांगू शकतो.

जयभीम.