स्वस्त शोभेची किंमत

घर सजविणें हा नीतिशास्त्राचा विषय होऊं शकतो असें सहसा कोणास वाटत नाहीं. तो गृहिणींचा प्रांत, फार तर हौशी मंडळींचा. तत्त्वचिंतकानें तेथें काय म्हणून डोकवावें? परंतु मनुष्य आपला वेळ, पैसा आणि श्रम कशावर वेंचतो हा प्रश्न ज्या शास्त्राचा, त्याला दारावरचें तोरण वर्ज्य असण्याचें कारण नाहीं. शिवाय ‘साधी आणि थोडक्या खर्चाची सजावट’ हे शब्द अलीकडे इतक्या सात्त्विक स्वरांत उच्चारले जातात कीं, त्यांत खरें सत्त्व किती आहे हें एकदां तपासून पाहणें बरें.

व्हिएन्ना येथील वास्तुशिल्पज्ञ आडोल्फ लोस यानें विसाव्या शतकाच्या आरंभीं ‘अलंकार आणि अपराध’ या नांवाचा एक तिखट निबंध लिहिला. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, वस्तूवर नक्षी काढणें म्हणजे कारागिराचे श्रम आणि द्रव्य वायां घालविणें होय. कारण नक्षीची टूम लवकर शिळी होते आणि वस्तु धड असतांनाच टाकून द्यावी लागते. वस्तूचा पदार्थ टिकेल तोंपर्यंत तिचें रूपहि डोळ्यांना सुसह्य राहावें, ही त्याची कसोटी. लोस याचा सूर उद्धट आहे, आणि ज्या समाजांना तो मागासलेले समजे त्यांच्याविषयींचे त्याचे उद्गार आज वाचवत नाहींत. तरी कसोटी म्हणून ती खोटी नव्हे. मौज अशी कीं, अलंकाराच्या या वैऱ्याची कसोटी आपल्या अंगणाला लावली तर रांगोळी तींतून सहीसलामत पार पडते.

चैत्र शुद्ध तृतीयेला गौर बसते ती अक्षय्य तृतीयेपर्यंत महिनाभर घरांत असते. या महिन्यांत अंगणांत चैत्रांगण काढतात. त्यांत सूर्य, चंद्र, शंख, गोपद्में, तुळशीवृंदावन, कासव अशी एक लहानशी सृष्टि चिमटीभर पांढऱ्या पुडीनें उभी राहते. ही पूड शिरगोळ्याची; कोंकणांत भाताच्या तुसाची राखहि चाले, म्हणजे ज्या जिनसेला बाजारांत किंमतच नाहीं तिची. सायंकाळपर्यंत ती सृष्टि पायांखालीं जाते आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं सडा घातला कीं तिचा मागमूस उरत नाहीं. येथें रूप आणि पदार्थ बरोबरच मावळतात. शिळें होण्यास अलंकाराला अवधिच मिळत नाहीं.

आमच्या ऋतूंच्या सजावटीचें हें मर्म मला फार मोलाचें वाटतें. पाडव्याला आंब्याचा डहाळा व कडुनिंबाची पालवी, दसऱ्याला झेंडू आणि भाताच्या लोंब्या, दिवाळीला बांबूच्या कामट्यांवर खळीनें चिकटविलेल्या पतंगी कागदाचा आकाशकंदील. यांतली कोणतीहि वस्तु पुढच्या वर्षासाठीं जपून ठेवण्याजोगी नाहीं. गोव्यांत गणपतीच्या मस्तकावर माटोळी बांधतात. लाकडी चौकटीला नारळ, सुपारीचे घड, लालभडक कवंडळें आणि रानांतून हुडकून आणलेलीं कितीतरी फळें टांगलेलीं असतात. ती पाहिली म्हणजे त्या भाद्रपदांत त्या डोंगरावर काय पिकलें याची जणूं खानेसुमारी वाचल्यासारखें होतें. आणि तीं फळें हुडकण्यासाठीं मुलांना रान माहीत असावें लागतें, हा लाभ निराळाच. (जुनें तें सर्व आपलेंच असा अभिमान धरणारांनीं एवढें लक्षांत ठेवावें कीं, झेंडू हा मूळचा मेक्सिकोकडचा पाहुणा आहे. आपण त्याला इतकें आपलेंसें केलें कीं, त्याच्यावांचून दसरा सुचत नाहीं.)

उलट थर्मोकोलचें मखर घ्या. तेंहि स्वस्तच. हलकें, पांढरें शुभ्र, हवें तसें कापतां येणारें. मध्यम स्थितींतल्या कुटुंबांना तें आवडलें यांत नवल नाहीं, आणि त्यांना हिणविण्यांत अर्थहि नाहीं. परंतु दहा दिवसांत त्याची हौस फिटते आणि तो पदार्थ मात्र कुजत नाहीं, मातींत मिळत नाहीं. लोस ज्या अपराधाविषयीं बोलत होता तो येथें अक्षरशः घडतो. महाराष्ट्र शासनानें २०१८ सालीं प्लॅस्टिकबरोबर थर्मोकोलवरहि बंदी घातली, तेव्हां पुष्कळांनीं ती धर्मावरची आपत्ति मानली. वास्तविक मखराचें थर्मोकोलपूर्वीचें आयुष्य थर्मोकोलच्या आयुष्यापेक्षां कितीतरी मोठें आहे. येथवर विचार सोपा आहे, आणि येथेंच थांबणारे लेख पुष्कळ निघतात. मला अडचण वाटते ती याच्या पुढें.

रांगोळी स्वस्त होती ती कां? राखेला दाम पडत नव्हता हें खरें. पण ती काढणाऱ्या हातालाहि पडत नव्हता. पहांटे उठून सडा घालणारी, ओणवी होऊन तासभर ठिपके मांडणारी, मग गौरीपुढें आरास करणारी आणि दुपारीं हळदीकुंकवासाठीं मणभर कैरी किसणारी बाई हिशेबाच्या वहींत कोठेंच नसे. ज्याला आपण साधेपणा म्हणतों तो बहुतेक वेळां खर्चाचा अभाव नसून खर्च दुसऱ्याच्या खातीं टाकण्याची युक्ति असते. त्याहून कठोर गोष्ट अशी कीं, त्याच घरांतली विधवा आत्या किंवा काकी डाळ वाटी, पन्हें करी, हरभरे भिजत घाली, आणि सुवासिनी जमूं लागल्या म्हणजे आंतल्या खोलींत जाऊन बसे. तिनें सजविलेल्या शोभेंत तिला स्थान नव्हतें. ही रीति पुष्कळ घरांतून गेली. सगळ्या घरांतून गेली असें मात्र कोणीं छातीठोकपणें सांगूं नये. जुन्या आरासीचीं गोड वर्णनें वाचतांना मला त्या आंतल्या खोलीची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं.

मग श्रमांची किंमत पैशांत द्यावी, म्हणजे तोरण विकत आणावें, हा उपाय झाला काय? कांहीं अंशीं झाला. सणाच्या आदल्या दिवशीं दादरच्या बाजारांत ठाणें-पालघरकडील आदिवासी बाया आंब्याचीं पानें, लोंब्या, रानांतला पाला घेऊन येतात. रात्र फुटपाथवर काढतात. त्यांना दिलेला पैसा मला उधळपट्टी वाटत नाहीं. नवल याचें वाटतें कीं, विजेच्या माळांच्या दुकानांत मुकाट्यानें पाकीट उघडणारा गृहस्थ येथें दोन रुपयांसाठीं घासाघीस करतो. कारण ‘पानांचे कसले पैसे?’ हा जुना हिशेब त्याच्या डोक्यांत पक्का आहे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ व्हेब्लेन यानें १८९९ सालच्या आपल्या ग्रंथांत लोकांना दिसावा म्हणून केलेल्या खर्चाची मीमांसा केली. आमच्या मध्यमवर्गानें तिला एक पुरवणी जोडली आहे: लोकांना दिसावी म्हणून केलेली काटकसर.

झाडांचेंहि एक खातें आहे. आपट्याचें पान सोनें म्हणून देण्यांत गोडवा आहे. परंतु लक्षावधि घरांची हौस भागविण्यासाठीं दसऱ्याच्या सुमारास फांद्याच्या फांद्या ओरबाडल्या जातात, आणि आपटा न मिळाला तर त्याच्या कुळांतल्या कांचनाचीं मोठीं पानें त्याच्या नांवानें खपतात. खेड्यांत जें एका डहाळीनें भागे तें शहरांत टेंपो भरून लागतें. वस्तु तीच, भावना तीच. संख्या बदलली म्हणजे कृत्याची नीति बदलते, हें आपल्या आचारधर्मानें अद्याप पुरतें मनावर घेतलेलें नाहीं. एका घराला एक पान पुरें व्हावें. वांटण्याचीच हौस असेल तर एकच पान हातोहात फिरलें म्हणून सोन्याचें पितळ होत नाहीं.

तेव्हां ऋतूंबरोबर घर सजवावें कीं नाहीं? माझें मत निःसंशय सजवावें असें आहे. पावसाळा केव्हां सरला हें वर्तमानपत्रांतून कळण्यापेक्षां दारावरच्या लोंबीवरून कळावें, एवढी मनुष्याची निसर्गाशीं ओळख शिल्लक राहिली पाहिजे. वाद आहे तो उंबरठ्याच्या आंतला. स्त्री-पुरुष दोघेंहि नोकरी करणाऱ्या घरांत दसऱ्याच्या पहांटे झेंडूची पिशवी कोण उघडतें, आणि कोण अंघोळ उरकून तयार तोरणाखालून जातें, येथें या प्रश्नाची खरी परीक्षा आहे. फुलें ओंवावयास पाऊण तास पुरतो. त्याला कांहीं जन्मजात कौशल्य लागतें असें नाहीं. माझ्या परिचयाच्या कांहीं गृहस्थांनीं अलीकडे हें काम आपल्याकडे घेतलें आहे, आणि तोरणेंहि बरीं होतात. सुई-दोरा घरांत कोठें ठेवलेला असतो, हें मात्र त्यांना अजून दर वर्षीं विचारावें लागतें.