कोंबडा की कोंबडी?

लोणावळ्याला गेल्यावर डोंगर चढलाच पाहिजे, असं आमच्या हिचं मत आहे. डोंगर खालूनही चांगला दिसतो, हे माझं. तडजोड म्हणून आम्ही तुंगार्लीच्या धरणापर्यंत जातो. वाट राजमाचीचीच, खरे गिर्यारोहक तिच्यावरून पंधराएक किलोमीटर तंगडतोड करतात, आम्ही तलाव पाहून भज्यांच्या ओढीनं परततो. निम्मी वाट बंगल्यांमधून, निम्मी झाडीतून. झाडी कुठं संपते आणि बंगला कुठं सुरू होतो हे झाडांना कळत नाही, म्हणून तारेचं कुंपण घालतात.

गेल्या मे महिन्यात अशाच एका कुंपणाशी मी नीतिशास्त्रात अडकलो. अगदी शब्दशः, कारण सदऱ्याची बाही काट्यात होती. करवंदाची जाळी कुंपणाच्या आत, पण फांद्या बाहेर, आणि त्यांना काळीभोर करवंदं!

"मूळ आत आहे, म्हणजे फळ त्यांचं," ही म्हणाली.

"पण जाळी लावली कुणी? बुलबुलानं करवंद खाल्लं आणि बी टाकलं. त्यानं काय सात-बारा पाहिला होता?"

एवढा युक्तिवाद होईतो माझे ओठ चिकानं चिकटायला लागले होते. म्हणजे निकाल आधी आणि सुनावणी मागाहून. माझी सदसद्विवेकबुद्धी बहुधा अशीच चालते. लहानपणी आम्ही करवंद फोडून 'कोंबडा की कोंबडी' विचारायचो. आत लाल निघालं तर कोंबडा, फिकं निघालं तर कोंबडी. जाळी कुणाची, हा प्रश्न त्या खेळात नव्हता.

मावळातल्या देवरायांचा कायदा सरळ आहे. रान देवाचं, काटकीसुद्धा मोडायची नाही. 1970 च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सह्याद्रीतल्या अशा राया हिंडून अभ्यासल्या. तिथं कुंपण नव्हतं. भीती आणि भक्ती यांवरच झाडं उभी होती. देवाला वॉचमन लागत नाही. बंगलेवाल्याला लागतो.

तो आलाच. साठीचा, हातात पाण्याची नळी.

"घ्या साहेब, पण वरची घ्या. खालची ठेवा."

"का हो मामा? मालकांसाठी?"

"मालक दिवाळीला येत्यात. तवा कुठली करवंदं? खालची त्या कातकरी म्हातारीला. वर हात पुरत न्हाई तिचा. माझा बाप होता तवापासनं हितलीच तोडती ती."

"वडीलपण इथंच नोकरीला होते?"

"नोकरीला कशापायी? जागा आमचीच व्हती," असं म्हणून मामा बंगल्याच्या हिरवळीला पाणी घालायला गेले.

माझ्या खिशात मूठभर करवंदं होती, सगळी खालची. जो डोंगर चढत नाही तो करवंदासाठी हात कशाला वर करील? मामांना परत द्यावीत तर चोरीची कबुली. खावीत तर घशाखाली उतरेनात.

बाजारात एक म्हातारी पानाच्या द्रोणांत करवंदं घेऊन बसली होती. तीच की दुसरी, विचारायचा धीर झाला नाही. वीस रुपये म्हणाली, मी दिले. पाव किलो चिक्कीसाठी तीन दुकानं फिरणारा मी!

"भाव केला नाहीत?" ही चमकलीच.

"ऊन फार आहे," मी म्हणालो आणि खिशातली करवंदं हळूच म्हातारीच्या पाटीत ओतली.

तिनं एक उचलून बघितलं. "ही चेपल्यात, दादा. कोण घील?" असं म्हणून तिनं ती सगळी वेचून माझ्या हातावर ठेवली आणि वर दोन टपोरी माझ्या द्रोणात टाकली.