आधी काम, मग व्याकरण

एका शहरात एक हॉटेल होतं. तिथे खोल्या आवरायला एक मुलगा होता. कामाला चोख. चादरीवर एक सुरकुती राहू द्यायचा नाही. पण फोन वाजला की त्याच्या पोटात गोळा यायचा. पाहुणे इंग्रजीत बोलायचे. तो “येस सर” म्हणायचा आणि दुसऱ्या कुणाला तरी हाक मारायचा. काळांचे तक्ते मात्र त्याला तोंडपाठ होते.

मालकांनी कामगारांना इंग्रजी शिकवायला एक बाई आणल्या. मुलगा कोरी वही घेऊन बसला. बाई म्हणाल्या, “वही राहू दे. दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेव.”

एका खुर्चीवर रिसेप्शनवरची ताई बसली, पाहुणी म्हणून. दुसरीवर हा. तिने काय हवं ते सांगायचं, याने चिठ्ठीवर लिहायचं आणि वस्तू नेऊन द्यायची.

ताई म्हणाली, “रूम फिफ्टीन. टू टॉवेल्स, प्लीज.”

त्याने लिहिलं : खोली 50, टॉवेल 2. टॉवेल भलत्याच दारी गेले. सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. “टॉवेल बरोबर नेलेस, खोली चुकली. खात्री करायला काय विचारशील?”

मुलगा थोडा थांबला. मग म्हणाला, “वन, फाइव्ह?”

“येस. वन, फाइव्ह,” पाठीमागून उत्तर आलं.

मग रोज नवं काम. कधी गिझरची तक्रार ऐकायची, कधी स्टेशनचा रस्ता सांगायचा. काम पार पडलं की मगच बाई फळ्याकडे वळायच्या आणि अडलेलं वाक्य नीट करून द्यायच्या.

एका रात्री फोन वाजला. पलीकडचा माणूस घाबरून भराभर बोलत होता. मुलाने फोन सोडला नाही.

“स्लो, प्लीज. रूम नंबर? फोर, झीरो?”

“येस! डॉक्टर! माय सन...”

“आय कॉल डॉक्टर. आय कम नाऊ.”

वाक्यं मोडकी होती. डॉक्टर मात्र 40 नंबरच्याच खोलीत पोहोचले, आणि वेळेत पोहोचले.

इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात दक्षिण भारतातल्या शाळांत हीच वाट धरली होती. व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून त्यांनी मुलांना नकाशे आणि वेळापत्रकं यांवरचे प्रश्न इंग्रजीतून सोडवायला दिले. हाती काम असलं की माणूस चुकण्याच्या भीतीपेक्षा ते काम पुरं करण्याकडे लक्ष देतो, आणि भाषा अंगवळणी पडते. म्हणून कुणाला कामापुरतं इंग्रजी शिकवायचं असेल, तर आधी त्याच्या कामातलं एक काम त्याच्या हाती द्या. चुका मागाहून दुरुस्त करता येतात.