ऋतुपर्णाचा निक्षेप

गेल्या चातुर्मासात देवळात नलाख्यान चालू असता शेजारी बसलेला आमचा चौदा वर्षांचा भाचा हळूच म्हणाला, "मामा, हा तर नमुन्यावरून काढलेला अंदाज!" प्रसंग बेहड्याच्या वृक्षाचा होता. विदर्भाकडे निघालेल्या ऋतुपर्णाने झाडाची पाने व फळे किती हे रथातून पाहूनच सांगितले. बाहुक झालेल्या नळाने रथ थांबवून फळे मोजली, तो संख्या तंतोतंत जुळली. इअन हॅकिंग यांनीही संभाव्यतेच्या इतिहासावरील आपल्या १९७५ सालच्या ग्रंथात या कथेची दखल घेतली आहे, हे मुलाला ठाऊक नव्हते. त्याला संख्याशास्त्राची गोडी लागली ती एका खेळामुळे.

खेळाचे नाव 'गेस द कोरिलेशन'. पडद्यावर ठिपक्यांची एक आकृती येते. दोन राशींचा सहसंबंध शून्य ते एक यांमध्ये कितीसा असेल, हे नुसत्या नजरेने ओळखायचे. उत्तर फार चुकले की तीनांतला एक जीव गेला. उभी हयात पुरावा तोलण्यात घालवलेल्या आम्ही तिन्ही जीव पाच मिनिटांत गमावले! मात्र खेळाच्या माहितीत असेही सांगितले आहे की, मनुष्याच्या डोळ्यास सहसंबंध कसा दिसतो याच्या अभ्यासासाठी हे अंदाज उपयोगात आणले जातात. भाचा कित्येक महिने खेळत होता. ते त्याने कधी वाचले नव्हते.

येथे आमचे मन अडखळले. संशोधकास त्याच्या कौशल्याइतक्याच त्याच्या चुकाही हव्या होत्या. यात मुलाचे गेले काय, असे कोणी म्हणेल. पण हानी नसणे आणि संमती असणे या दोन भिन्न गोष्टी होत. १८७२ च्या करार अधिनियमाच्या तेराव्या कलमाप्रमाणे दोघांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य केली, तरच ती संमती. मुलाच्या लेखी तो खेळ होता, संशोधकाच्या लेखी साक्ष. पिंजऱ्यात उभा राहिलेला साक्षीदार निदान आपण साक्षीदार आहोत हे जाणतो.

आधी सांगितले तर मनुष्य सावध होतो आणि निष्कर्ष बिघडतो, हा आक्षेप खोटा नाही. परंतु तो सर्वत्र लागूही नाही. २०१६ साली आलेला 'सी हीरो क्वेस्ट' हा नौका हाकण्याचा खेळ स्मृतिभ्रंशाच्या संशोधनासाठी आहे, हे उघड सांगितले होते. तरी चाळीस लाखांवर लोक तो खेळले, आणि शहराबाहेर वाढलेल्यांचे दिशाज्ञान सरासरीने अधिक चांगले असते, हा निष्कर्ष २०२२ साली त्यातून निघाला. जेथे आधी सांगणे खरोखरच अशक्य, तेथे मागाहून सांगावे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याने संशोधन व सांख्यिकी यांस काही अटींवर सूट दिली आहे. ती योग्यही असेल. परंतु कायदा जे मागत नाही तेही सज्जन देतो.

कथेकडे पुन्हा पाहावे. ऋतुपर्णाने नळास अक्षहृदय दिले आणि मोबदल्यात ठरलेले अश्वहृदय तूर्त निक्षेप म्हणून त्याच्याजवळच राहू दिले. बाहुक खरा कोण, हे राजास ठाऊक नव्हते. नाव लपले होते, व्यवहार लपला नव्हता. निक्षेप म्हणजे ठेव. मनूने व्यवहाराच्या अठरा पदांत ऋणादानाच्या पाठोपाठ तिला स्थान दिले आहे. ठेव दुसऱ्याच्या हाती असली तरी त्याच्या मालकीची होत नाही. खेळणाऱ्याची माहिती दान नव्हे, विक्रय तर नव्हेच. ती अशी ठेव मानावी, असे आम्हांस वाटते.

हे आम्ही भाच्यास समजावले, तेव्हा त्याने विचारले, "मग मामा, माझे आधीचे अंदाज परत मागता येतील?" आम्ही विचारात पडलो. अंदाजांशी नाव जोडलेले नसेल, तर मुलगा सुरक्षित. पण मग हजारो ठिपक्यांतला त्याचा कोणता, हे संशोधकाने तरी ओळखावे कसे? मुलगा पुन्हा खेळू लागला होता.