सहावा वाटा

नांदेड आणि लातूर या दोन शेजारी जिल्ह्यांनी महाराष्ट्राला चार मुख्यमंत्री दिले : शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख आणि अशोक चव्हाण. शंकरराव आणि विलासराव दोनदा त्या खुर्चीवर बसले, म्हणजे कारकिर्दी सहा. या सहांपैकी एकही विधानसभेच्या मुदतीबरोबर संपली नाही. प्रत्येक वेळी खुर्ची मध्येच सुटली. त्यातल्या तीन वेळा कारण निव्वळ पक्षाचे किंवा दिल्लीचे होते, ती इथे बाजूला ठेवू. उरलेल्या तीन वेळी, म्हणजे १९८६, २००८ आणि २०१० मध्ये, ‘नैतिक जबाबदारी’ची भाषा झाली. वर्तमानपत्रांनी हे शब्द इतके वापरले आहेत की त्यांच्या पोटात तत्त्वज्ञानातला एक जुना आणि अवघड प्रश्न आहे, हे सहसा लक्षात येत नाही. जे मी केले नाही, त्याची जबाबदारी माझी कशी?

आपल्या अंगवळणी पडलेला कर्मसिद्धांत या प्रश्नाला सरळ नकार देतो. करावे तसे भरावे. एकाच्या कर्माचे फळ दुसऱ्याच्या पदरात पडत नाही. या हिशेबाने मुंबईत २००८ च्या नोव्हेंबरमध्ये दहा दहशतवाद्यांनी १६६ माणसे मारली, त्याचे पाप त्या दहांचे आणि त्यांना पाठवणाऱ्यांचे. लातूरच्या विलासरावांचे किंवा चाकूरच्या शिवराज पाटलांचे नव्हे. तरीही आठवडाभरात पाटलांनी देशाचे गृहमंत्रिपद आणि विलासरावांनी राज्याचे मुख्यमंत्रिपद सोडले आणि बहुतेकांना ते रास्त वाटले. ही रास्तपणाची भावना आली कुठून?

ती आली असावी राजधर्माच्या एका वेगळ्या कल्पनेतून. राजा प्रजेच्या उत्पन्नाचा सहावा भाग घेतो, म्हणून तिच्या पुण्याचा आणि रक्षण न केल्यास तिच्या पापाचाही सहावा भाग त्याच्या वाट्याला येतो, असे मनुस्मृती सांगते. ज्या ग्रंथाची १९२७ साली महाडला होळी झाली त्याचा आधार महाराष्ट्रात सहज घेता येत नाही आणि घेऊही नये. पण हाच विचार महाभारताच्या शांतिपर्वातही आहे, तिथे वाटा चौथा आहे. आकड्यापेक्षा युक्तिवाद महत्त्वाचा. राजा दोषी आहे असे इथे कुणी म्हणत नाही. त्याने हिस्सा घेतला आहे, म्हणून तो हिस्सेदार आहे, एवढेच म्हणणे आहे. दोष माणसाला चिकटतो, वाटा पदाला. शंकरराव, विलासराव किंवा आणखी कुणी, जो कुणी त्या पदाचा अधिकार आणि मान घेतो, तो त्या पदाचा तोटाही घेतो. माझा मुद्दा इतकाच की नैतिक जबाबदारीला अर्थ असेल तर तो या वाट्याच्या अर्थानेच आहे. आणि आपण मात्र ती सतत दोषाच्या अर्थाने मागतो.

२००८ कडेच जवळून पाहा. विलासरावांचे जाणे लोकांच्या मनात पक्के झाले ते हल्ल्याच्या रात्री नव्हे. हल्ला शमल्यावर ते ताज हॉटेलची पाहणी करायला गेले, तेव्हा सोबत अभिनेता मुलगा रितेश आणि चित्रपट दिग्दर्शक रामगोपाल वर्मा होते. ते दृश्य दूरचित्रवाणीवर आले आणि विषय तिथेच संपला. शिवराज पाटलांबद्दलही तेच. सप्टेंबर २००८ मध्ये दिल्लीत स्फोट झाले त्या संध्याकाळी त्यांनी किती वेळा कपडे बदलले, याचीच चर्चा जास्त झाली. सागरी सुरक्षा, गुप्तवार्ता, पोलिसांची शस्त्रे या सगळ्यापेक्षा बदललेले कपडे आणि एक दिग्दर्शक लोकांना कळायला सोपे गेले. वाटा आपल्या डोळ्यांना दिसत नाही, म्हणून आपण दोष शोधतो. आणि मोठा सापडला नाही तर बारीकसा पुरतो. याउलट रोमानियात ३० ऑक्टोबर २०१५ च्या रात्री बुखारेस्टमधल्या एका नाइटक्लबला आग लागली, पुढे मृतांची संख्या ६४ वर गेली आणि पाच दिवसांत पंतप्रधान व्हिक्टर पोंटा पायउतार झाले. आग त्यांनी लावली नव्हती. पण सुरक्षेचे नियम धाब्यावर बसवून परवाने देणारी व्यवस्था ज्या सरकारच्या नावाने चालते, त्याचा प्रमुख हिस्सेदार आहे, असे रस्त्यावर उतरलेल्या लोकांचे म्हणणे होते.

निलंगेकर आणि अशोक चव्हाण यांची प्रकरणे मात्र या जातीची नाहीत. १९८५ च्या एम.डी. परीक्षेत मुलीचे गुण वाढवल्याचे प्रकरण उच्च न्यायालयात गेले, एकसदस्य पीठाने ताशेरे ओढले आणि निलंगेकर पायउतार झाले. द्विसदस्य पीठाने, हे त्यांच्याच सांगण्यावरून झाले असे म्हणायला पुरेसा पुरावा नाही असे ठरवले, पण प्रतिकूल शेरा काही पुसला नाही. सर्वोच्च न्यायालयातही तो पुसला गेला नाही. आदर्श गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात आरोप नातेवाइकांच्या सदनिकांचा होता. २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने अशोक चव्हाणांवरील खटल्याची राज्यपालांची परवानगी रद्द केली. दोन्हीकडे बोट थेट व्यक्तीकडे होते. अशा वेळी खुर्ची सोडणे म्हणजे चौकशीची वाट मोकळी करणे. ते आवश्यकच, पण त्याला नैतिक जबाबदारी म्हणणे म्हणजे स्वतःवरच्या आरोपाला त्यागाची शाल पांघरणे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे : हे सगळे नाटक, गेलेले परत येतातच. विलासराव सहा महिन्यांत केंद्रात मंत्री झाले, शिवराज पाटील पुढे पंजाबचे राज्यपाल झाले, निलंगेकर सुशीलकुमार शिंद्यांच्या मंत्रिमंडळात आले. खरे आहे, पण १९५६ मध्ये अरियालूरच्या अपघातानंतर रेल्वेमंत्रिपद सोडणारे लालबहादूर शास्त्रीही १९५७ मध्ये पुन्हा मंत्री झाले, त्यांना कुणी नाटकी म्हणत नाही. वाटा पदाचा असेल तर तो पद सोडून फिटतो, जन्मभर वनवास लागत नाही. अडचण होते ती त्याच पदावर परतण्यात. मुंबईच्या हल्ल्यानंतर राज्याचे गृहमंत्रिपद सोडणारे आर. आर. पाटील वर्षभरात पुन्हा गृहमंत्री झाले, तेव्हा डिसेंबर २००८ मध्ये नेमके काय फेडले होते, हा प्रश्न उभा राहिला आणि त्याला उत्तर मिळाले नाही.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. संकटात जाणे सोपे, राहणे कठीण. ६ डिसेंबर १९९२ ला बाबरी मशीद पाडली गेली तेव्हा देशाचे गृहमंत्री नांदेडचे शंकरराव चव्हाण होते. त्यांनी पद सोडले नाही. उत्तर प्रदेशातल्या कल्याणसिंह सरकारने मशिदीच्या रक्षणाची हमी सर्वोच्च न्यायालयात दिली होती, ती मोडली गेली. दोष लखनौचा, असे त्यांच्या बाजूने म्हणता येते. दंगली उसळल्या असताना हेडमास्तरांसारख्या करड्या माणसाने खाते टाकून जाणे शहाणपणाचे होते का, असेही विचारता येते. हा युक्तिवाद मी निम्मा मानतो. राहणे हा वाटा फेडण्याचा मार्ग असू शकतो, पण मग हिशेब द्यावा लागतो आणि वेळेत द्यावा लागतो. मशीद पाडण्याची चौकशी करणाऱ्या लिबरहान आयोगाचा अहवाल यायला १७ वर्षे लागली. तोवर शंकरराव हयात नव्हते. लिंगायत परंपरा मात्र निलंग्यापासून फार दूर नसलेल्या कल्याणच्या बसवेश्वरांचे उदाहरण देते : हरळय्या आणि मधुवरस यांच्या मुलांच्या विवाहावरून जी शिक्षा दिली गेली, त्या प्रसंगी बसवेश्वरांनी बिज्जल राजाचे मंत्रिपद आणि कल्याण दोन्ही सोडले. शिक्षा देणारे ते नव्हते. पण ज्या राज्याने ती दिली, त्याच्या कारभारात त्यांचा हात होता.

तिसरा आक्षेप असा की वाट्याचे हे तत्त्व ताणले तर रोज कुणीतरी घरी जाईल. ताणूनच पाहू. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी लातुरात आली; त्याआधी शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती. पाऊस न पडण्याचा दोष कुणाचाच नव्हता, म्हणजे हे वाट्याचे निर्भेळ उदाहरण. खुर्ची मात्र कुणाचीच हलली नाही. वाद पेटला तो तत्कालीन जलसंधारणमंत्री पंकजा मुंडे यांनी मांजरेच्या पात्रात काढलेल्या सेल्फीवरून. पुन्हा बारीकसा दोष सापडला आणि सगळे त्यावर तुटून पडले. त्याच मांजरेच्या खोऱ्यात ऊस होता. त्या उसावर कारखाने उभे राहिले, त्यांच्यावर सहकारी संस्था आणि संस्थांवर आमदारक्या, मंत्रिपदे, दोन वेळचे मुख्यमंत्रिपदही. हा हिस्सा उघडपणे, लोकांच्या टाळ्या घेत घेतला गेला होता आणि त्यात सगळे पक्ष होते. तळाशी गेलेल्या मांजरेच्या धरणातला त्यांचा वाटा किती, हे त्या एप्रिलमध्ये फारसे कुणी मोजायला घेतले नाही. ऊस लावणाऱ्यांनी नाही आणि टँकरची वाट पाहणाऱ्यांनीही नाही.