हजेरीपटावर नसलेली माणसे

रोजगार योजनेचे यश कशाने मोजावे? किती लोकांना काम मिळाले ते मोजावे, हे उत्तर सरळ आहे. महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेचा विचार करताना मात्र ते मला अपुरे वाटते.

१९७२च्या दुष्काळात लाखो माणसे खडी फोडायला, पाझर तलाव खोदायला सरकारी कामांवर गेली. काम मागणाऱ्याला काम देणे ही सरकारची जबाबदारी, ही वि. स. पागे यांनी मांडलेली कल्पना पुढे कायद्यात उतरली आणि २६ जानेवारी १९७९पासून तो कायदा अमलात आला. शहरी नोकरदाराच्या पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर याच योजनेच्या खर्चासाठी सुरू झाला.

आता समजा, एखाद्या तालुक्यात हजेरीपटावरचे मजूर यंदा निम्म्यावर आले. पाऊस चांगला झाला, शेतातच बरी मजुरी मिळाली, म्हणून लोक आले नसतील तर वाईट काही घडले नाही. पण काम मागायला आलेल्यांना ‘सध्या काम निघालेले नाही’ असे सांगून परत पाठवले असेल, तर दिलेला शब्द मोडला. हजेरीपट दोन्ही वेळा एकच आकडा दाखवतो.

काही जण म्हणतात, माणसे मोजू नका, कामे मोजा: तलावात पाणी साठले का, बांध टिकला का? हा आग्रह रास्त आहे. पहिल्या पावसात वाहून जाणारा बांध घालायला लावणे हा मजुराच्या घामाचाही अपमान आहे. तरी हमीचा उपयोग कामावर न आलेल्यालाही होतो. सरकारी काम नक्की मिळेल हे ठाऊक असलेली बाई बागायतदाराकडे मजुरी वाढवून मागू शकते. तिचा हा लाभ तलावाच्या मोजमापात येत नाही आणि हजेरीपटावरही दिसत नाही.

२००५च्या केंद्रीय कायद्याने पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास बेकारी भत्ता देऊ केला. पण दिवस मोजायचे ते अर्ज दिल्या तारखेपासून. तारखेची पावतीच हातात पडली नाही, तर कागदोपत्री मागणीच झाली नाही, आणि नकारही झाला नाही.

म्हणून मूल्यमापन हा मला आधी नीतीचा प्रश्न वाटतो, हिशेबाचा नंतर. हक्काची योजना तपासणाऱ्याने कामावर आलेल्यांची संख्या जरूर विचारावी; पण त्याआधी परत गेलेल्यांची वही मागावी. ती वही ठेवलीच नसेल, तर अहवालात पहिली नोंद तीच असायला हवी.